रतन नावाची गल्ली

आई, तू लोकांच्या पोरांना ठेवायचीस ते नाव परवा खानापूरला पोचलं. माझ्या थोरलीला दुसरा मुलगा झाला, आणि त्याच्या बारशाला त्याच्या आत्यानं कानात कुर्र करून सांगितलं, रतन. आत्याच्या पाठीत धपाटे घालून झाले, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि मी तोंडभर हसत बायकांच्या ओट्या भरत होते आणि आतून जळत होते. बारा दिवसांचं पोर ते. अजून त्याची नजरसुद्धा ठरत नाही. त्याचा मला हेवा वाटला. चाळिशी ओलांडलेल्या, दोनदा आजी झालेल्या बाईला पाळण्यातल्या पोराचा हेवा वाटतो हे कुणाला सांगायचं? म्हणून तुला सांगते. तू मुकाट्यानं ऐकशील, कारण आता तुला कुणी बाळंतपणाला बोलवायला येणार नाही आणि तू माझं बोलणं अर्धं टाकून उठणार नाहीस.

माझ्या लेकीला वाटतं तिनं मला खूश केलं. लहानपणापासून तिनं माझ्या तोंडी ते नाव ऐकलंय. अमका रतन, तमकी रतन, कुणाचं काय चाललंय, कुणाचं लग्न ठरलं. तिला वाटलं, आईला या नावाची केवढी माया. तिनं सासरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे, की मुलगा होवो नाहीतर मुलगी, नाव हेच. लाकडाच्या वखारीत काम करणारा माझा जावई गरीब माणूस, तो हो म्हणाला. मीही चांगलं केलंस म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ज्या नावाची पोरं मी आयुष्यभर मनातल्या मनात मोजत आले, त्यात तिनं माझ्याच रक्तातलं एक घातलं, हे तिला कसं कळावं.

शहापूरची आपली गल्ली तू गेल्यावर फार बदललेली नाही. लढाईपासून सूत वेळेवर मिळत नाही, त्यामुळे निम्मे माग अधूनमधून बंद असतात, एवढंच. पण अजूनही तिथं मध्यावर उभं राहून कुणी रतन म्हणून हाक मारली, तर हातमागाच्या खड्ड्यातून एका बाप्याचं डोकं वर येतं, विहिरीवरची बाई घागर टेकवून मागं बघते, आणि गोट्या खेळणारी दोनतीन पोरं एकदम ओ देतात. म्हणून गल्लीनं प्रत्येकाला शेपूट जोडलंय. थोरला रतन, विहिरीजवळची रतन, तोतरा रतन, मारुतीच्या पाठची रतन. तू मात्र कुणालाच शेपूट लावलं नाहीस. तू नुसतं रतन म्हणायचीस, आणि ज्याला म्हटलंस त्याला बरोबर कळायचं. ते कसं कळायचं हे मला कधी समजलं नाही. मी तर प्रत्येक वेळी वर बघायची.

हे नाव आलं कुठून याबद्दल गल्लीत ज्याच्या त्याच्या गोष्टी होत्या. कोपऱ्यावरचा सोनार म्हणायचा, माझ्या दुकानात ऐकलं असणार तिनं. भटजी म्हणायचे, आम्हीच पंचांगातून काढून दिलं. शाळेच्या मास्तरांनी तर एकदा वर्गात सांगितलं, की हे नाव पार गुजरातेतून व्यापाऱ्यांबरोबर आलं, आणि रतन नावाच्या वर्गातल्या सगळ्या पोरांनी तेवढ्यावर छाती पुढं काढली. मी त्यांच्या मागच्या बाकावर बसून नखं खात होते. माझ्या नावाची गोष्ट सांगायला कुणाला तोंड उघडावं लागत नव्हतं. ते आप्पांच्या आईचं नाव होतं, बस.

पसरलं कसं, ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. समोरच्या घरी बाळंतपण अडलं होतं, नाळ गळ्याभोवती, पोर निळंकाळं. तू त्याला उलटं धरून, चोळून, तोंडात फुंकून रडवलंस. बाराव्या दिवशी तुझी ओटी भरली आणि पोराची आई म्हणाली, काय नाव ठेवायचं ते तुम्हीच सांगा. तू म्हणालीस, रतन म्हणा. तोच थोरला रतन. आता पोट सुटलंय त्याचं. पुढच्या पावसाळ्यात मारुतीच्या पाठच्या घरी सातव्या महिन्यातली मुलगी जगली, तिलाही तू तेच नाव दिलंस. मग लोकांनी आपलं आपण ठरवून टाकलं की तुझ्या तोंडचं हे नाव लाभतं. वडगावातून बायका येऊ लागल्या. निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला गेलेल्या कुणीतरी ते तिकडं नेलं. जिथं तू बाळंतपणाला गेलीही नव्हतीस, तिथं नाव गेलं. नाव लाभतं असं तू स्वतः कधी म्हटलं नाहीस. पण नाही असंही म्हटलं नाहीस. विचारलं की पदर तोंडाला लावायचीस आणि सूत भरायच्या रहाटावर जाऊन बसायचीस.

आता माझं ऐक. माझ्या जन्माच्या आधी महिनाभर आप्पांची आई गेली. तेव्हा मुलगी झाली म्हणजे म्हातारी परत आली, यात कुणाला शंका नव्हती. आत्यानं तिचंच नाव माझ्या कानात सांगितलं, आणि वर तुला बजावलं की हिला दुसरं कुठलंही लाडाचं नाव ठेवायचं नाही, आमच्या आईच्या जिवाला लागेल. आणि सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं. सासू मेली म्हणून ते काही सुटत नाही. झालं. आप्पा मला थट्टेनं आई म्हणायचे. शेजारीपाजारी माझं नाव घेऊन हाक मारायचे. माझ्या जन्माला जिचं अंग फाटलं, तिच्या तोंडून मात्र मी माझं नाव मरेपर्यंत ऐकलं नाही. पोरी, अगं ए, ऐकलंस का. यापलीकडे तुझी मजल गेली नाही.

आणि मी दूर असले की तू धोटा वाजवायचीस. मागावर आडवं सूत ओवणारा, आप्पांनी टाकून दिलेला, एका टोकाला चिरलेला तो जुना लाकडी धोटा तुझ्या रहाटाशेजारी पडलेला असायचा. तो उचलून दाराच्या चौकटीवर दोनदा आपटायचीस. ठक, ठक. गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट. त्या आवाजात कुणाला ते दोन ठोके वेगळे कळायचे नाहीत. मला कळायचे. लगोरीचा डाव रंगात आलेला असू दे, मी सोडून पळायची. पोरं हसायची. म्हणायची, आमची आई आम्हाला हाक मारते, तुझी आई तुला हाकते. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. धापा टाकत घरी आले की तू माझ्याकडे न बघता म्हणायचीस, सुताच्या कांड्या भरायला बस. आणि तेवढ्यात दारावरून कुणी कारटं गेलं की तोंड सगळं उजळायचं तुझं. रतन, जेवलास का रं? रतन, डोकं कुणी विंचरलं गं? तो आवाज मी आजही काढून दाखवू शकते. आतून गूळ वितळल्यासारखा यायचा.

एवढ्यावर भागलं नाही. प्रत्येक बारशाला तुझ्या ओटीत खण पडायचा, आणि त्या खणाची माझी चोळी व्हायची. विहिरीजवळच्या रतनचा हिरवा खण, तोतऱ्या रतनचा अंजिरी. माझ्या अंगावरचं कापडसुद्धा त्यांच्या बारशाचं. एकदा मारुतीच्या पाठच्या रतनच्या आईनं माझ्या चोळीकडे बघून गल्लीत सगळ्यांसमोर सांगितलं, ही आमच्या बारशाची. मी घरी येऊन ती चोळी मुद्दाम खुंटीला अडकवून फाडली. तू ती खुंटीवरून काढलीस. संध्याकाळी सुई घेऊन बसलीस आणि इतक्या बारीक टाक्यांनी शिवलीस की फाटलेलं दिसेना. मला आणखीनच राग आला.

खरं काय ते मला शेजारच्या आक्कानं सांगितलं. तेव्हा मी कांड्या भरण्यात चांगली तरबेज झाले होते, आणि आक्का तिच्या घरातल्या कांड्या घेऊन आपल्या ओट्यावर येऊन बसायची. तू कुणाच्या तरी बाळंतपणाला गेली होतीस. मी चिडून म्हणाले, आमच्या आईला रतनशिवाय काही दिसतच नाही. आक्कानं रहाट थांबवला. माझ्या आधीची, गाठीच्या तापाच्या सालाची हकिकत तिनं सांगितली. सगळं गाव उठून माळावर झोपड्या घालून राहिलेलं. तुझे दिवस भरलेले. शेजारच्या झोपडीत ताप निघालेला, म्हणून सुईण यायला तयार होईना. आप्पा दुसरी सुईण शोधायला गेले ते परतायच्या आत तू एकटीच बाळंत झालीस, एकटीनंच नाळ कापलीस. आक्का पलीकडच्या झोपडीत होती, तिलाही तिच्या घरच्यांनी तुझ्याकडे जाऊ दिलं नाही. तिला नुसतं ऐकू यायचं. दिवसभर तू बोलत असायचीस, म्हणाली, माझं रतन ते, माझं रतन गं बाई. कुठलीही आई म्हणते तसंच. बारावा दिवस उजाडला नाही. बारसं झालं नाही म्हणजे नाव नाही, आणि नाव नाही म्हणजे घरात कुणी त्या पोराची आठवण काढायची नाही, असंच सगळ्यांनी धरलं. "मग त्यानंच ती सुईण झाली बघ," आक्का म्हणाली. "आनि नाव आपल्या घरात चालत न्हाय, गेलेल्या पोराचं. म्हनून लोकांच्या घरात ठेवती."

शहाणी मुलगी असती तर हे ऐकून रडली असती, तुझ्या गळ्यात पडली असती. मी तशी नव्हते. मला आधी वाटलं ते हे, की म्हणजे थोरला रतन, तोतरा रतन, हे सगळे फुकटच. माझा खरा वैरी तर माळावर पुरलेला आहे, आणि त्याला मी चिमटासुद्धा काढू शकत नाही. तो की ती, हेही मला माहीत नव्हतं. भाऊ असता तर एका तऱ्हेनं जळले असते, बहीण असती तर दुसऱ्या. बरेच दिवस धीर गोळा करून मी तुला विचारलं, मुलगा होता का मुलगी. तू भाकरी थापत होतीस. हात थांबला नाही. म्हणालीस, "रतन हुतं." आणि भाकरी तव्यावर टाकलीस. एवढंच उत्तर मला आजवर मिळालंय.

मग तो मोठ्या तापाचा हिवाळा आला. घरटी एकदोघं अंथरुणावर, माग बंद, गल्ली इतकी गप्प की भीती वाटावी. मला ताप चढला आणि त्याच दिवशी विहिरीजवळच्या रतनलाही चढला. तू माझ्या उशाशी पाणी ठेवलंस, आप्पांना पट्ट्या कशा घालायच्या ते दाखवलंस, आणि तिच्याकडे गेलीस. तिथंच राहिलीस. आप्पांचे हात मागाला सरावलेले, त्यांच्या पट्टीचं पाणी माझ्या कानात जायचं. मी ग्लानीत दाराकडे बघत पडायची. मागांचा आवाज नव्हता, तेव्हा गल्लीच्या त्या टोकाला तू हाक मारलीस तरी इथं ऐकू यायची. रतन, डोळे उघड गं. रतन, माझ्याकडं बघ. ती वाचली. मीही वाचले, पण ते कुणी मला करून दिलं नाही, माझं मी केलं, असं मला वाटत होतं.

तू घरी आलीस, माझ्या कपाळावर हात ठेवलास आणि म्हणालीस, उतरला न्हवं, मला ठावं हुतं. तू दमलेली होतीस, तुझे डोळे आत गेले होते. मला ते दिसत होतं. तरी मी म्हणाले, "मी मेल्यावर माझंबी नाव ठेवशील व्हय गं, लोकांच्या पोरांना?"

तू मला थोबाडीत मारलीस. जन्मात तेवढी एकदाच. तापातून उठलेल्या पोरीला मारलं म्हणून आप्पा धावत आले, तू त्यांना हातानंच थांबवलंस. मग खाली बसलीस, माझ्या अंथरुणाच्या कडेला, आणि भिंतीकडे बघत म्हणालीस, "जे न्हाय त्याला हाक माराय लागती. तू हाईस की घरात."

हे वाक्य मी किती वर्षं वागवलं, आई. कधी त्यानं मला ऊब दिली, कधी नुसती आग. मी आहे म्हणून मला हाक नाही. म्हणजे असणं हाच माझा गुन्हा. माझं लग्न झालं, वडगावला दिलीस, एवढ्या जवळ की मागांचे आवाज एकमेकांत मिसळावेत. सासरी मला सगळे नावानं हाक मारायचे आणि मला दरवेळी दचकायला व्हायचं. तुला भेटायला आले की तुझ्या ओट्यावर कुणी ना कुणी रतन बसलेलाच असायचा. तुझ्या हातची भाकरी खात.

तू गेलीस तेव्हा माझी थोरली पाळण्यात होती. मी तिला आक्काकडे ठेवून दिवसभर तुझ्या खाटेच्या पायथ्याशी बसून असायची. उशाशी जागाच नव्हती, तिथं ते सगळे. शेवटच्या दिवशी तुझ्या तोंडी एकसारखं रतन, रतन चाललेलं. उजवा हात खाटेच्या लाकडावर पडत होता, उचलत होता, पुन्हा पडत होता. बायका म्हणाल्या, वातात आहे. तू कुठल्या रतनला बोलावतेस यावरून उशाशी हलक्या आवाजात वाद लागला. थोरला म्हणाला मला, विहिरीजवळची म्हणाली मला, मी तिच्या हातानं दोनदा जन्मलेय.  मला मात्र ठाऊक होतं, तू माळावरच्या पोराला बोलावतेस. त्यांच्यातल्या एकालाही नाही, एवढाच माझा आनंद. तिरडीला खांदा द्यायला रतन होते, मागं रडायला रतन होत्या, आणि लोक म्हणाले, बाईनं किती पोरं जोडली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. जिची एकच पोर जगली होती तिला लोक असं म्हणत होते, आणि मी तिथं उभी होते.

आता परवाचं सांगते आणि संपवते. बारसं आटोपून मी खानापूरला बेळगावची गाडी धरली. डब्यात माझ्याशेजारी लेकुरवाळी बाई होती, मिरजेला माहेरी निघालेली. कुठून आलात, कुठं उतरणार, सगळं झाल्यावर तिनं विचारलं, नाव काय तुमचं? आई, मी रतन म्हणाले. तोंडातून गेलं. ना लाज वाटली, ना भीती. इथं मला कोण ओळखतंय? आणि मग बेळगावच्या अलीकडचं देसूर स्टेशन मागं पडेपर्यंत मी रतन होते. रतनबाई, जरा सरकता का. रतनबाई, पोराला धरता का, मी पाणी पिते. फिरकीच्या तांब्यातलं पाणी तिनं मलाही दिलं. मी तिच्या पोराला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होते आणि मला वाटत होतं, एवढंच तर होतं. एवढ्यासाठी मी जळत राहिले? किती सोपं होतं घ्यायला. मला लई बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

बेळगाव आलं. मी गडबडीनं उतरले आणि चालू लागले. मागून कुणीतरी ओरडत होतं, रतनबाई, अहो रतनबाई. माझ्या मनात आलं, घ्या, फलाटावरसुद्धा एक आहेच. मी वळूनही पाहिलं नाही. पुन्हा हाक आली, पुन्हा नाही पाहिलं. मग त्या बाईनं तांब्याचं बूड खिडकीच्या लाकडावर आपटलं. ठक, ठक.

मी गर्रकन वळले. इंजिनाचा सुस्कारा, हमालांचा गलका, चहावाल्यांचं ओरडणं, त्यातून ते दोन ठोके सरळ माझ्यापाशी आले. पाय आधी वळले, मला नंतर कळलं. माझी पिशवी डब्यात राहिली होती, घुगऱ्यांची आणि ओटीच्या खणाची. बाईनं ती खिडकीतून दिली. म्हणाली, केव्हाची हाक मारतेय, ऐकू येत नाही होय? मी काहीतरी बोलले आणि गाडी निघाली.

पिशवी छातीशी धरून मी तिथंच बाकावर बसले. रतन म्हणून हाक मारली, तर मी वळले नाही. पोरी म्हटलं असतं तर शंभर पोरी वळल्या असत्या. त्या दोन ठोक्यांना अख्ख्या गल्लीत फक्त मी धावायची. ते नाव तू एवढ्यांना वाटलंस. धोटा दुसऱ्या कुणासाठी वाजवल्याचं मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं.

तरी हेवा गेला असं समजू नकोस. घरी आले तर दारात शहापूरहून आलेला थोरला रतन उभा, बारशाच्या घुगऱ्या मागायला. तू असतीस तर तुझा चेहरा कसा उजळला असता ते आठवलं आणि मी त्याला एकच मूठ दिली. तुझ्या नातीच्या पोराला मी अजून नावानं हाक मारलेली नाही, बाळ म्हणते. पुढचं पुढं बघू. हे कागद मी कुठं पाठवणार आहे? खणाच्या घडीत ठेवीन आणि पेटी लावीन.

एकच राहिलं. त्या शेवटच्या दिवशी तुझ्या तोंडी रतन होतं, आणि सगळे तुझ्या तोंडाकडे बघत होते. मीसुद्धा. हात खाटेवर वाजत होता. पडायचा, उचलायचीस, पुन्हा पडायचा. दोनदा, मग थांबायचा. पुन्हा दोनदा. मी पायथ्याशी, हातभर अंतरावर, आणि मी ओ दिली नाही.

आले गं, आई.